विंडोज एक्सपीतील फाइल-प्रकारांच्या भरकटलेल्या नोंदी: माझा अनुभव

इंदूरच्या रामबागेत आमच्या मंडळाच्या कार्यालयात विंडोज एक्सपीचा एक संगणक अजून कामात आहे. मायक्रोसॉफ्टने या प्रणालीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला. तरीही जुन्या स्मरणिका पेजमेकर ६.५ या पानांची मांडणी करण्याच्या प्रोग्राममध्ये, युनिकोडपूर्व (म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतांआधीच्या) फॉन्टांत जुळवलेल्या असल्यामुळे तो मोडीत काढता येत नाही. इंटरनेटची जोडणी मात्र काढली आहे.

तक्रार अशी होती की स्मरणिकेच्या फाइलवर डबल क्लिक केल्यास ती नोटपॅडमध्ये उघडे आणि पडदा अगम्य चिन्हांनी भरून जाई. हिशेब पाहणारे काका म्हणाले, "व्हायरस आहे, फॉरमॅट मारा." परंतु पेजमेकर सुरू करून आतून तीच फाइल व्यवस्थित उघडत होती, म्हणजे बिघाड फाइलमध्ये नसून, कोणत्या प्रकारची फाइल कशात उघडायची याच्या विंडोजमधील नोंदीत होता.

एक्सपीत टूल्स मेनूतील फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘फाइल टाइप्स’ नावाचा टॅब आहे. (व्हिस्टापासून तो काढून टाकला, ही मला आजही गैरसोयच वाटते.) तेथे ‘पी६५’ हा पेजमेकरच्या फाइलचा प्रकार निवडताच खाली ‘अॅडव्हान्स्ड’ऐवजी ‘रिस्टोअर’ हे बटण दिसले. याचा अर्थ मूळ नोंद शाबूत होती आणि ‘ओपन विथ’मध्ये कायमची निवड करण्याच्या चौकटीत कोणीतरी खूण केल्याने नोटपॅड तिच्यावर चढून बसले होते. रिस्टोअर दाबले आणि तो प्रश्न मिटला.

खरा गुंता त्याच यादीत वरच्या बाजूला होता. ९७, ९८, ९९ असे ‘प्रकार’ तेथे नोंदलेले होते. डॉसमध्ये फाइलच्या नावाला आठ आणि टिंबापुढे तीनच अक्षरे मिळत, त्यामुळे त्या काळी सभासदांच्या याद्या ‘यादी.९८’, ‘यादी.९९’ अशा, टिंबापुढे वर्ष घालून जतन केलेल्या होत्या. एक्सपीने शेवटच्या टिंबापुढचा भाग हाच प्रकार मानला, ‘कशात उघडू?’ असे विचारले, आणि नोटपॅड निवडून खूण केल्यावर ‘९८_ऑटो_फाइल’ अशी नवी नोंद तयार केली. त्यातच ओळखीच्या प्रकारांचे एक्स्टेन्शन (टिंबापुढचा भाग) लपवण्याची सोय चालू असल्याने वर्षे दिसेनाशी झाली आणि फोल्डरमध्ये ‘यादी’, ‘यादी’, ‘यादी’ अशा एकाच नावाच्या फायली ओळीने उभ्या राहिल्या. काका कोणती यादी कोणत्या सालची हे आत डोकावून ठरवत होते.

हे प्रकार मी टॅबमधून डिलीट केले. मात्र रेजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जेथे साठवते तेथे, पाहता त्यांची नावे दुसरीकडे उरलेली आढळली. एचकी क्लासेस रूटमध्ये प्रकाराची नोंद असते, तर वापरकर्त्याची स्वतःची निवड एचकी करंट यूजरखाली, एक्सप्लोररच्या ‘फाइलएक्स्ट्स’ या कीमध्ये (नोंदींच्या कप्प्यात) वेगळी राहते. दोन्ही शाखा आधी एक्स्पोर्ट करून पेन ड्राइव्हवर ठेवल्या आणि मगच आकड्यांच्या कीज काढल्या. एका क्लिकमध्ये रेजिस्ट्री साफ करून देणारे प्रोग्राम मिळतात, पण ते काय उडवतील याचा भरवसा नसल्याने मी त्यांच्या वाटेला गेलो नाही; ‘ईएक्सई’ आणि ‘एलएनके’ यांच्या नोंदींनाही हात लावला नाही, कारण त्या बिघडल्या तर प्रोग्राम आणि शॉर्टकटच उघडेनासे होतात.

लॉग ऑफ करून परत आल्यावर वर्षे पुन्हा दिसू लागली. त्यानंतर प्रत्येक फाइलचे नाव ‘यादी-९८.टीएक्सटी’ असे बदलले, त्यामुळे आता डबल क्लिक केल्यावर ती सरळ नोटपॅडमध्ये उघडते.