घराबाहेर पडलं की काकूंचं डोकं दुखायचं थांबायचं

इंग्लंडमधल्या रेडिंगच्या त्या घरून फोन आला होता तो घर तापवणाऱ्या गॅस बॉयलरच्या साध्या दुरुस्तीसाठी. "दादा, बॉयलरचं प्रेशर सारखं उतरतंय. एकदा बघून जाल का?" जानेवारीची सकाळ, बाहेर उणे ३. घरात सतरा दिवसांचं बाळ, आणि लेकीच्या बाळंतपणासाठी साताऱ्याहून आलेल्या काकू.

प्रेशरचं कारण दहा मिनिटांत सापडलं. वरच्या मजल्यावरच्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह पाझरत होता. नट आवळला, पाणी भरून काटा सव्वा बारवर आणला. काकूंनी चहा पुढे केला आणि एका हाताने कपाळ दाबत म्हणाल्या, "सकाळी उठलं की डोकं धरलेलं असतं बघ. इथली थंडी बाधली. दुपारी जावयाबरोबर दुकानापर्यंत चालून आले की मोकळं होतं."

कप तसाच खाली ठेवला. थंडीने धरलेलं डोकं थंडीत फिरून उतरत नाही. घरात दुखतं आणि बाहेर थांबतं, हे ऐकलं की आमच्या धंद्यातल्या माणसाला एकच गोष्ट आठवते : कार्बन मोनॉक्साइड. हा विषारी वायू. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. अलार्म कुठे आहे म्हणून विचारलं, तर घरात अलार्मच नव्हता.

वायू मोजायचा अ‍ॅनालायझर अंगणात नेऊन शून्यावर आणला आणि आत आलो. स्वयंपाकघरात ३८ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३८ भाग मोनॉक्साइड. वर काकूंच्या छोट्या खोलीत ४१, आणि आकडा चढत होता. गॅस बंद केला, खिडक्या सताड उघडल्या आणि सगळ्यांना बाळासकट शेजाऱ्यांकडे पाठवलं. लेक दारात घुटमळली. "एवढ्या थंडीत हीटिंग बंद? बाळ आहे हो." तिचं बरोबरच होतं, पण माझ्या हातातला आकडा तिच्या बाळाबद्दलच बोलत होता. तेवढंच सांगितलं आणि रक्त तपासायला लगेच हॉस्पिटलात जा म्हटलं. बॉयलरवर 'वापरू नका'चं लाल लेबल चिकटवलं, त्यावर जावयाची सही घेतली.

मग बॉयलरच्या वरची लाकडी पेटी उघडली. जळलेला वायू बाहेर नेणाऱ्या नळीला इथे फ्लू म्हणतात. एकात एक अशा दोन नळ्या असतात : आतलीतून धूर बाहेर जातो, बाहेरचीतून ताजी हवा आत येते. त्यांचा कोपरा बॉयलरच्या तोंडावर नुसता टेकवलेला होता. रबरी सील नाही, स्क्रू नाही. बोटाने ढकलला तर हलला. धूर पेटीत साठत होता, पाइपांसाठी छताला पाडलेल्या भोकातून थेट काकूंच्या खोलीत चढत होता, आणि त्यातलाच थोडा बॉयलर पुन्हा हवा म्हणून ओढून घेत होता. अशी घुसमटलेली ज्योत आणखी मोनॉक्साइड बनवते.

दोनच महिन्यांपूर्वी कुणाच्या तरी ओळखीने, स्वस्तात आणि एका दिवसात हा बॉयलर बसवून घेतला होता. बसवणाऱ्याचं गॅस सेफ कार्ड, म्हणजे गॅसचं काम करायचं इथलं अधिकृत ओळखपत्र, कुणी पाहिलं नव्हतं. बॉयलरच्या पुस्तिकेतली चाचणीच्या नोंदींची पानं कोरी होती. मला सगळ्यात राग आला तो त्या कोऱ्या पानांचा. एक वेळ घाईत सील विसरलं जाईलही, पण ती पानं भरायला बसला असता तर चूक त्याची त्यालाच दिसली असती.

व्हॅनमधले दोन विजेचे हीटर त्यांच्याकडे ठेवले. हॉस्पिटलात काकूंच्या रक्तात मोनॉक्साइड सापडला. ऑक्सिजन दिला आणि संध्याकाळी घरी सोडलं. बाळ पुढच्या खोलीत, बंद दाराआड झोपायचं. त्याला काही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला काम सुरू केलं. बॉयलर नवा आणि चांगला होता, दोष बसवण्यात होता. त्याच कंपनीचा फ्लू आणला, सील बसवून कोपरा शेवटपर्यंत दाबला, स्क्रू मारले. पेटीला तपासणीची झडप केली, म्हणजे पुढच्या माणसाला लाकूड न तोडता सांधा बघता येईल. छतातलं भोक बुजवलं. बॉयलर चालवून हवेच्या नळीत अ‍ॅनालायझरची मोजायची कांडी घातली : ऑक्सिजन २०.८ टक्के, कार्बन डायऑक्साइड ०.१. ऑक्सिजन २०.६ च्या खाली गेला असता तर धूर हवेत मिसळतोय असं समजायचं.

मग गॅसचं प्रेशर. मीटरपाशी २०.८ मिलिबार, बॉयलरपाशी १७.२. एका मिलिबारपेक्षा जास्त घट चालत नाही. ३० किलोवॅटच्या बॉयलरला १५ मिलिमीटरचा पाइप घराला वळसा घालून आणला होता. तो काढून २२ चा टाकला, २० मिलिबारला दोन मिनिटं गळतीची चाचणी घेतली, काटा हलला नाही. पुन्हा चालवला तर घट ०.७. कंडेन्सेटचा, म्हणजे धुरातली वाफ थंड होऊन झालेलं पाणी नेणारा, बारीक पाइप उत्तरेच्या भिंतीवरून उघडाच नेला होता. पहिल्याच कडाक्यात गोठला असता, म्हणून आतूनच सिंकच्या नळीला जोडला.

शेवटी धुराची तपासणी. मोनॉक्साइड ७२ पीपीएम, डायऑक्साइडशी गुणोत्तर ०.०००८. मर्यादा ०.००४ ची. कोऱ्या पानांवर हे सगळे आकडे लिहून सही केली. ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये नवा बॉयलर बसवताना मोनॉक्साइडचा अलार्म लावणं सक्तीचं आहे. तोही लावला.

काकू खुर्ची ओढून अलार्मखाली बसल्या होत्या. खूप वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "आमच्याकडे बाथरूममध्ये गॅसचा गीझर आहे. त्याचा धूर कुठं जातो?"

"बाथरूममध्येच, काकू. खिडकी उघडी असते का?"

"थंडीत बंद करतो."

साताऱ्यात तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. त्यांनी फोन लावला. काका झोपेतून उठले असावेत. "अहो, ऐका," काकू म्हणाल्या, "उद्या सकाळी गीझर लावू नका. आधी माणूस बोलवा आणि तो बाहेर गच्चीत घ्यायला सांगा. आंघोळीचं पाणी चुलीवर तापवा तोवर."