राजकन्यांसोबत नाश्ता आणि बँकेने घातलेला खोळंबा

ओरलँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये सिंड्रेलाच्या किल्ल्यातला नाश्ता आम्हाला मिळाला नाही. का मिळाला नाही हे आठवलं की अजूनही माझं डोकं तापतं. शेवटी जो नाश्ता झाला तो आमच्या घरासाठी जास्त चांगला ठरला, पण त्याचं श्रेय मी त्या बँकेला मुळीच देणार नाही. न्यू जर्सीत आणि आसपास राहणाऱ्या आपल्या बऱ्याच घरांत भारतातून आई-बाबा आले की ओरलँडोची ट्रिप ठरतेच. त्यांना उपयोग होईल म्हणून सगळं लिहून काढतेय.

आम्ही सहा जण होतो. सासूबाई, सासरे, आम्ही दोघं, पहिलीतली लेक आणि तीन वर्षं पूर्ण न झालेला धाकटा. लेकीला राजकन्या हव्या होत्या, दुसरं काही नको. धाकट्याला गाड्या आवडतात, आणि मोठ्या डोक्याचा कोणी अंगावर आला की तो रडतो. सासूबाई अंडंही खात नाहीत. सासऱ्यांचे गुडघे दुखतात. एवढं सगळं सांभाळून एक सकाळ निवडायची होती.

कॅरॅक्टर ब्रेकफास्ट म्हणजे आपण टेबलावर बसून खायचं आणि मिकी, डोनाल्ड किंवा राजकन्या एकेक टेबल करत आपल्यापाशी येतात. फोटो काढतात, सही देतात. पार्कमध्ये उन्हात रांगेत उभं राहून जी भेट मिळते, ती इथे बसल्या जागी मिळते. आजी-आजोबा बरोबर असतील तर पैसे या बसण्याचे आहेत असं समजा. माणशी साधारण 50 डॉलरच्या पुढेच जातं, 3 ते 9 वर्षांच्या मुलांना कमी दर असतो आणि 10 वर्षांपासून मोठ्यांचा दर लागतो. तीन वर्षांच्या आतल्या बाळाचे पैसे लागत नाहीत, पण टेबल शोधताना त्यालाही मोजायचं असतं. आम्ही पाच नाही, सहाच.

निवडताना मी आधी खाणं बाजूला ठेवलं. पहिला प्रश्न, मुलाला कोण भेटायला हवंय. मिकी, गूफी, प्लूटो असे पूर्ण पोशाखातले असतात ते बोलत नाहीत, फक्त हातवारे करतात. राजकन्या बोलतात, मुलाला नाव विचारतात, गप्पा मारतात. लाजऱ्या किंवा घाबरणाऱ्या मुलासाठी हा फरक फार मोठा आहे. दुसरा प्रश्न, जागा पार्कच्या आत आहे की हॉटेलात. मॅजिक किंगडममधल्या क्रिस्टल पॅलेसला (तिथे विनी द पू, टिगर, पिगलेट, ईयोर येतात) किंवा अ‍ॅनिमल किंगडममधल्या टस्कर हाउसला जायचं तर त्या दिवसाचं पार्कचं तिकीट लागतं. कंटेम्पररी हॉटेलमधल्या शेफ मिकीजला किंवा रिव्हिएरा हॉटेलच्या गच्चीवरच्या टोपोलिनोज टेरेसला तिकीट लागत नाही, म्हणून पार्कला न जाण्याच्या दिवशी ते बरे. टोपोलिनोजला बफे नाही, प्रत्येकाची ताटली टेबलावर येते. ज्यांना सारखं उठायचं नाही त्यांनी याचा जरूर विचार करावा.

आम्ही किल्ला ठरवला. मॅजिक किंगडमच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या किल्ल्याच्या आतच सिंड्रेलाज रॉयल टेबल आहे. इतर बहुतेक ठिकाणी कार्डाचा नंबर फक्त राखून ठेवतात, आणि आलात नाही तर माणशी 10 डॉलर कापतात. किल्ल्यासाठी मात्र बुकिंग करतानाच सगळे पैसे भरावे लागतात. आमचे 300 डॉलरच्या वर जात होते.

बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, ऑनलाइन सकाळी सहाला, तिथल्या वेळेनुसार. भारतातून कोणी करत असेल तर उन्हाळ्यात ती दुपारची साडेतीनची वेळ होते आणि नोव्हेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत साडेचारची. आणखी एक नियम लक्षात ठेवा. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना आपल्या मुक्कामाच्या पहिल्या दिवसाच्या 60 दिवस आधी पुढच्या 10 दिवसांपर्यंतचं बुकिंग एकदम करता येतं. म्हणजे बाहेरच्या हॉटेलात राहणारे आपण 60व्या दिवशी सहाला बसतो, तेव्हा त्यातली बरीच टेबलं आधीच गेलेली असतात. सहा जणांची टेबलं तर मुळातच थोडी.

मी पावणेसहापासून लॉगिन करून बसले होते. चहा घेतला नव्हता. सहाला पान उघडलं, तारीख, सहा माणसं, किल्ला. सकाळची एक वेळ दिसली. मी ती निवडली, कार्डाचा नंबर घातला, बटण दाबलं. कार्ड नाकारलं.

परत दाबलं. परत नाकारलं. खात्यात पैसे होते, कार्डाची मुदत शिल्लक होती, आदल्या संध्याकाळी त्याच कार्डाने किराणा आणला होता. नवऱ्याचं कार्ड घातलं. ते त्याच खात्याचं, त्यामुळे तेही नाकारलं. पहाटेच्या वेळी एकदम मोठी रक्कम बघून बँकेने संशयित व्यवहार म्हणून दोन्ही कार्डं अडवली होती. एवढं मला मान्य आहे, पैशाच्या सुरक्षेसाठी बँकांनी अडवावंच. अडवल्यावर बँक मेसेज पाठवते, आपण ‘हो, मीच’ म्हणून उत्तर दिलं की काम मोकळं होतं. मेसेज मला आलाच नाही, कारण तो माझ्या जुन्या नंबरवर गेला होता.

तो नंबर मी कित्येक महिन्यांपूर्वी बदलला होता. ब्रांचमध्ये स्वतः जाऊन फॉर्म भरला होता, ओळखपत्र दाखवलं होतं, नोंद झाल्याचा छापील कागद घेतला होता. बँकेच्या अ‍ॅपमध्ये नवा नंबर दिसतही होता. आता मी कार्डामागच्या नंबरवर फोन लावला. आधी रेकॉर्ड केलेला आवाज, मग संगीत, मग परत आवाज. बाजूला लॅपटॉपवर ती वेळ अजून दिसत होती. शेवटी एक माणूस बोलला. त्याने माझं नाव, जन्मतारीख, पत्ता विचारला आणि म्हणाला, ‘‘आता तुमच्या नोंदवलेल्या नंबरवर एक कोड पाठवतो, तो सांगा.’’ मी विचारलं, कोणता नंबर? त्याने शेवटचे आकडे सांगितले. जुनाच.

मी सांगितलं, तो नंबर माझ्याकडे नाही, नवा नंबर तुमच्या अ‍ॅपमध्ये आहे, मी त्याच नवीन नंबरवरून तुमच्याशी बोलतेय. तो म्हणाला, खात्याची नोंद आणि कार्ड विभागाची नोंद वेगळी असते. मग कार्ड विभागाची नोंद बदला. ती बदलायला आधी ओळख पटवावी लागेल. ओळख कशी पटवायची? कोड सांगून. कोड कुठे येणार? जुन्या नंबरवर.

मी त्याच्यावर आवाज चढवला नाही, कारण तो समोर आलेल्या पडद्यावरचंच वाचत होता. पण कोणाच्याही डोक्यात येऊ नये का, की नंबर बदललेल्या माणसाला जुन्या नंबरवर कोड पाठवून काय उपयोग? मी वरिष्ठांना द्यायला सांगितलं. परत संगीत. लेक एव्हाना उठून माझ्या मांडीवर येऊन बसली होती आणि ‘‘झालं का गं बुकिंग?’’ विचारत होती. वरिष्ठ बाईंनी तेच उत्तर आणखी गोड आवाजात दिलं आणि ब्रांच उघडल्यावर जायला सांगितलं. फोन ठेवून मी लॅपटॉपकडे वळले. सहा जणांसाठी त्या सकाळी काही उरलं नव्हतं. चौघांसाठी शोधलं तर एक वेळ दिसत होती. पण चौघं कोण? आजी-आजोबांना किल्ल्याबाहेर बसवून आत जायचा प्रश्नच नव्हता.

ब्रांच उघडली तेव्हा मी दारात होते. तिथल्या माणसाने माझा छापील कागद बघितला, स्वतःच्या पडद्यावर नवा नंबर बघितला आणि सगळं बरोबर आहे म्हणाला. मी म्हटलं, मग कार्ड चालू करा. ते त्याच्या हातात नव्हतं. त्याने फोन उचलला आणि त्याच कार्डामागच्या नंबरवर लावला. तेच संगीत आता स्पीकरवर वाजायला लागलं आणि आम्ही दोघं ते ऐकत बसलो. बँकेच्या माणसालाच बँकेत शिरायला रांगेत उभं राहावं लागतं, याचा मला मनापासून संताप आला. नंबर शेवटी बदलला गेला, मी तक्रार लेखी नोंदवून तिचा क्रमांक घेतला, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बँकेचं कार्ड काढलं.

म्हणून माझा पहिला सल्ला हाच, आणि तो वर लिहायला हवा होता: बुकिंगच्या आठवडाभर आधी कार्डामागच्या नंबरवर फोन करून कार्ड विभागाकडे तुमचा कोणता फोन नंबर आहे ते विचारा. अ‍ॅपमध्ये दिसतो त्यावर विसंबू नका. वेगवेगळ्या बँकांची दोन कार्डं जवळ ठेवा. भारतातलं कार्ड वापरणार असाल तर परदेशातले ऑनलाइन व्यवहार त्यावर चालू आहेत का ते आधी बघा.

एक गोष्ट मी आधीच नीट करून ठेवली होती, तिचा मला आजही आनंद आहे. किल्ल्याच्या मागे लागण्यापूर्वी पार्क नसलेल्या दिवसासाठी शेफ मिकीजचं टेबल धरून ठेवलं होतं. त्यामुळे हात रिकामे नव्हते. कंटेम्पररी हॉटेलच्या इमारतीच्या आतूनच मोनोरेल जाते, आणि धाकट्यासाठी तेवढंच पुरेसं होतं. मिकी टेबलापाशी आला तेव्हा तो माझ्या कुशीत तोंड खुपसून बसला, पण सासऱ्यांनी आधी मिकीशी हात मिळवला, मग नवऱ्याने मिळवला, तेव्हा त्यानेही एक बोट पुढे केलं. घाबरणाऱ्या मुलाच्या बाबतीत घाई करू नका, घरातल्या मोठ्यांनी आधी भेटायचं.

राजकन्यांचं काय? तर बुकिंग रद्द करायला बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत दंड नसतो, त्यामुळे लोक शेवटच्या दिवसांत टेबलं सोडतात. ट्रिप जवळ आली तशी मी सकाळ-संध्याकाळ अ‍ॅप उघडून शोधत राहिले. किल्ला नाही, पण डिस्नेच्याच एपकॉट पार्कमधलं आकर्सहूस हे रेस्टॉरंट नाश्त्याला सहा जणांसाठी मिळालं. एपकॉटच्या वर्ल्ड शोकेस या भागात तळ्याभोवती 11 देशांचे विभाग आहेत, त्यातल्या नॉर्वेत हे आहे, ऑस्लोच्या आकर्सहूस किल्ल्याच्या नावाचं. राजकन्या इथेही येतात, आणि सगळे पैसे आधी भरावे लागत नाहीत. आमच्या टेबलावर स्नो व्हाइट, एरियल आणि ऑरोरा आल्या. कोण येईल याची खात्री मात्र कोणी देत नाही, त्यामुळे मुलांना एका नावाचा शब्द देऊ नका. नॉर्वे म्हटल्यावर लेकीने ‘फ्रोझन’ सिनेमातली एल्सा धरली होती. एल्सा आणि ॲना नाश्त्याला नसतात, त्याच विभागात त्यांचं वेगळं घर आहे, तिथे रांग लावावी लागते. हे मी तिला गाडीतच सांगून ठेवलं, म्हणून टेबलावर रडारड झाली नाही.

लेक स्नो व्हाइटला स्वतःच्या शाळेबद्दल सांगत बसली. सासूबाईंनी हात जोडले तर स्नो व्हाइटनेही हात जोडले. सासूबाईंनी तो फोटो सोलापूरला सगळ्या बहिणींना पाठवला.

खाण्याचं सांगते. तिथे अंडी, बेकन, सॉसेज, बटाटा सगळं टेबलावर एकत्र येतं. बुकिंगमध्ये आहाराबद्दल लिहिलं होतं, तरी बसल्या बसल्या परत सांगितलं, की सासूबाईंसाठी मांस आणि अंडं नसलेली ताटली वेगळी हवी. त्यांनी विनातक्रार आणून दिली. वॉफल-पॅनकेकच्या पिठात सहसा अंडं असतं, आणि अमेरिकेतल्या काही दह्यांत जिलेटिन असतं, हे विचारून घ्या. शाकाहारी म्हटलं की समोरचा अंडं चालतं असं धरून चालतो.

नॉर्वे एपकॉटच्या मुख्य दारापासून लांब आहे, तळ्यापर्यंत आणि मग त्याच्या काठाने चालत जावं लागतं. सासऱ्यांसाठी दारातच व्हीलचेअर भाड्याने घेतली, म्हणून निभावलं. मॅजिक किंगडमला नाश्त्याला जाणाऱ्यांनी तर गाडी लावल्यावर बोट किंवा मोनोरेलचाही वेळ धरावा, तासभर तरी. सहीच्या वहीबरोबर जाड पेन न्या, पोशाखातल्या मोठ्या पंजात बारीक पेन धरता येत नाही. आणि सहा किंवा जास्त माणसं असतील तर 18 टक्के टिप बिलातच लावलेली असते, त्यावर परत टिप देऊ नका. नवरा परत द्यायला निघाला होता, मी बिल हातात घेऊन ती ओळ दाखवली.