दोन गेले, एक परतला

8 डिसेंबर 2023, शुक्रवार. सकाळी साडेसहाला सीएचएचा, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटचा फोन : "साहेब, कांदा बंद." पाठोपाठ डीजीएफटीचं (केंद्राचं परकीय व्यापार महासंचालनालय) आदल्या तारखेचं नोटिफिकेशन मोबाइलवर आलं. 31 मार्चपर्यंत निर्यातबंदी. ऑगस्टात 40 टक्के शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलरची किमान निर्यात किंमत आणि आता हे. नाशिकला कांदा निर्यातीचे कागद करणारा माणूस अशा बातमीने दचकत नाही. पण त्या दिवशी दुबईला जाणारे आमचे तीन कंटेनर बंदरावर होते.

नोटिफिकेशनपूर्वी कस्टम्सच्या हवाली झालेला, सिस्टिममध्ये वेळेसह नोंदलेला माल जाऊ देणार होते. म्हणजे सगळं न्हावाशेवा बंदराच्या गेटवरच्या नोंदीवर आलं. दोन कंटेनर 7 तारखेला दुपारीच आत. तिसऱ्याचं टायर कसारा घाटात फुटलं होतं. तो पोचला रात्री अडीचला. तारीख बदललेली.

शेठनी एकच विचारलं, "एलसी तीनची आहे. दोनच गेले तर पैसे मिळतील?"

एलसी म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, कागद बरोबर असले की पैसे देण्याची ग्राहकाच्या बँकेची लेखी हमी. ती चारदा वाचली. माल तुकड्यांत पाठवण्याबद्दल तिच्यात अवाक्षर नव्हतं, आणि तेच आमच्या पथ्यावर पडलं. एलसीचे नियम म्हणजे यूसीपी 600, त्याचं कलम 31 : एलसीत मनाई नसेल तर तुकड्यांत पाठवता येतं. हे नियम कुठल्या संसदेचे नाहीत, पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे. पण एलसीवर तसा उल्लेख असला की आमची बँकही मानते, दुबईचीही. दोन कंटेनरचे कागद लावले, पैसे आले.

दुबईचा ग्राहक मात्र तापला होता. तुमचा देश डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) ना, मग अशी बंदी कशी? त्याला सांगितलं, डब्ल्यूटीओच्या गॅट कराराचं कलम 11 निर्यातबंदीला नाहीच म्हणतं, पण अन्नाची गंभीर टंचाई असेल तर तात्पुरती चालते. (टंचाई गंभीर होती का, ते लासलगावात विचारावं, तिथे त्या दिवशी लिलावच बंद पडले.) तिसऱ्या कंटेनरसाठी करारातलं फोर्स मेजरचं, म्हणजे हाताबाहेरच्या अडचणीचं कलम दाखवलं. सरकारी बंदी त्यात नावानिशी होती, म्हणून भरपाईचा विषय तिथेच संपला.

संध्याकाळी ड्रायव्हरचा फोन. "साहेब, खाली कुठं करू?"

वाशीच्या मार्केटात, पडेल त्या भावाने. गोण्यांवर अरबी छपाई तशीच होती.