सगळ्यांचा दम सारखा नसतो, मग भांडणं होत नाहीत का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: होतात.

सायकलवर सामान लादून आम्ही पाच मित्रमैत्रिणी आठ-आठ दिवस डोंगरात फिरतो, हे कळलं की लोक आधी पंक्चरचं विचारतात, मग मुक्कामाचं, आणि मग जरा दबक्या आवाजात हे. पंक्चर आणि मुक्कामाची उत्तरं कुठेही मिळतील. या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्हाला तीन दौरे लागले, आणि त्यातल्या एका दौऱ्यानंतर दोघं जण महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते.

सपाटीवर हा प्रश्न फारसा येत नाही. तिथे जोर मुख्यतः वारा कापण्यात जातो. त्यामुळे दमलेला माणूस दुसऱ्याच्या चाकामागे दडून राहिला की त्याचं निभावून जातं. घाट लागला की ही सोय संपते. ताशी ७-८ किलोमीटरने चढताना वाऱ्याचा अडथळा नावापुरताच असतो, जवळजवळ सगळी ताकद वजन वर उचलण्यात खर्च होते. समजा दोघं आहेत. अंग, सायकल आणि सामान धरून प्रत्येकी १०० किलो. एक जण सलग १०० वॉट काढू शकतो, दुसरा १५०. चढायचंय ५०० मीटर उंच. चाकांचं घर्षण सोडून दिलं तरी पहिल्याला ८२ मिनिटं लागतात, दुसऱ्याला ५५. एका घाटात २७ मिनिटांचं अंतर! दिवसात असे दोन घाट असतील तर बघा. कितीही जिवाभावाची मैत्री असली तरी हे गणित काही बदलत नाही.

पहिल्या दौऱ्यात आम्ही भाबडेपणाने ठरवलं होतं, सगळे बरोबरच चढू. पुढच्यांनी वेग कमी केला आणि त्यांच्या सायकली झोकांड्या खायला लागल्या, कारण फार हळू चालवलं की तोलच राहत नाही. आणि मागचा, शेजारी कोणीतरी आहे म्हणून, झेपेल त्यापेक्षा जोरात मारत राहिला. दुपारी त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. मागे राहिलेल्याला सोबत हवी असते, असं पुढच्यांना वाटतं खरं. पण ज्याला श्वास पुरत नाही त्याला "जमतंय ना?" या प्रश्नाचं उत्तर देणं हा आणखी एक चढ असतो. त्याला एकटं सोडावं. आता चढ सुरू झाला की जो तो आपापल्या गतीने जातो, आणि कुठे भेटायचं ते खालीच ठरतं: खिंडीत, नाहीतर ठरलेल्या फाट्यावर. फाटा आला की थांबायचंच, मग रस्ता कितीही सरळ दिसो. डोंगरात फोनला रेंज नसते आणि चुकलेला माणूस बहुतेक वेळा उताराच्याच रस्त्याला लागतो. चूक कळेपर्यंत तो ३०० मीटर खाली गेलेला असतो.

खरं भांडण मात्र चढावर झालं नाही, खिंडीत झालं. आम्ही तिघं अर्धा तास आधी पोचलो. घामाने अंग भिजलेलं, वर वारा. उंची दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंडी वाढवते, त्यात ओले कपडे. कुडकुडत बसलो. शेवटचा मित्र धापा टाकत पोचला तसे आम्ही टुणकन उठलो, "चला, आलास ना, निघू." तो काही बोलला नाही. संध्याकाळी मात्र त्याने सायकल आपटली. म्हणाला, तुम्ही दिवसभरात दोन तास बसलात, मी एक मिनिट बसलो नाही. सगळ्यांत जास्त दमलेल्याला सगळ्यांत कमी विश्रांती, ही कुठली तऱ्हा?

आम्हाला हे तोवर दिसलंच नव्हतं. आम्ही त्याची वाट पाहत होतो, म्हणजे आम्ही चांगले, एवढंच आमच्या डोक्यात.

तेव्हापासून विश्रांतीचं घड्याळ शेवटचा पोचल्यावर सुरू होतं. किमान २० मिनिटं. आधी पोचलेल्यांनी लगेच कोरडा शर्ट आणि जाकीट चढवायचं, थंडी वाजते ही तक्रार करायची नाही. ज्यांना बसवतच नाही त्यांनी थोडं खाली उतरून पुन्हा वर यावं. आमच्यातला एक जण खरंच येतो. तो कशाचा बनलाय देव जाणे.

दुसरा बदल सामानाचा. सुरुवातीला प्रत्येकाने आपलं ओझं आपण वाहायचं, अशी स्वाभिमानी पद्धत होती. वरच्याच उदाहरणातलं ८ किलो सामान हळूवाल्याकडून काढून जोरवाल्याच्या कॅरिअरवर बांधा. पहिल्याला ७५ मिनिटं लागतील, दुसऱ्याला ५९. २७ मिनिटांचं अंतर १६ वर आलं, आणि दोघांपैकी कुणीही जास्त जोर लावलेला नाही. तंबू, भांडी, स्टोव्ह, कुलूप ही सामाईक वजनं म्हणून पुढच्यांकडे. ज्याचं ओझं कमी होतं त्याला पहिले दोन दिवस लाजल्यासारखं होतं, तिसऱ्या दिवशी तो काही बोलत नाही.

पंप, ट्यूब, चेन जोडायचं हत्यार मात्र पुढच्याकडे द्यायचं नाही. हे आम्ही सगळं एकत्र बांधून सर्वांत ताकदवान मित्राला दिलं होतं. तो खिंड ओलांडून पलीकडे गेला आणि मागच्याचं चाक अलीकडे बसलं. मागचा ५ किलोमीटर सायकल ढकलत वर आला. दुरुस्तीचं सामान शेवटच्याकडे हवं, कारण शेवटचा कधीच कुणाच्या पुढे नसतो. बिघाड कुणाचाही झाला तरी तो तिथून जाणारच.

गिअरबद्दल थोडं बोलते, कारण बरीच चिडचिड दमापेक्षा गिअरमुळे होते. पुढे ३४ दाती चक्र आणि मागे २८ दाती असेल तर पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे अडीच मीटर पुढे जाते. मिनिटाला ७० फेऱ्या मारायच्या तर ताशी पावणेअकरा किलोमीटरचा वेग हवा. भरल्या सायकलवर ८ टक्के चढाला तो आमच्यापैकी कुणालाच जमत नाही. मग माणूस ३५-४० फेऱ्यांवर येतो, जोर गुडघ्यांवर जातो आणि स्वभाव बिघडतो. पुढे २६, मागे ३४ लावा, तोच ७० फेऱ्यांचा ठेका ताशी पावणेसात किलोमीटरला मिळतो. बारीक गिअर म्हणजे कमकुवतपणा, हा समज फार जुना आहे. फ्रान्समध्ये पॉल द विव्ही नावाचा सायकलवेडा 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने वर्षानुवर्षं गिअर बदलण्याच्या बाजूने लिहीत राहिला. तो १९३० मध्ये वारला. १९०३ मध्ये सुरू झालेल्या टूर द फ्रान्सने चेन सरकवून गिअर बदलणारं यंत्र स्पर्धकांना थेट १९३७ मध्ये वापरू दिलं! तोवर ते बिचारे घाटाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक उलटं करून बसवत, दुसऱ्या बाजूचं चक्र मिळावं म्हणून. एवढ्या मोठ्यांनी एवढा हट्ट केला, तर आमच्या मित्राने दोन वर्षं केला त्यात नवल ते काय.

उताराचं थोडक्यात: एकमेकांत अंतर ठेवा, वळणाच्या आधी ब्रेक दाबा आणि सोडा, सतत धरून ठेवू नका. रिमवरचे ब्रेक असतील तर रिम चटका बसण्याइतकी तापते. उतारावर कुणी कुणासाठी थांबायचं नसतं, सगळेच खाली असतात.

आणि दिवसाचा पल्ला सर्वांत हळू असणारा ठरवतो. वेग नाही ठरवत, पल्ला ठरवतो. नकाशावर बोट ठेवून तो "इथवर" म्हणाला की विषय संपला. आम्ही किलोमीटर दुय्यम मानतो, चढाईचे मीटर आधी बघतो. सामानासह दिवसाला १००० मीटर म्हणजे आमच्यासाठी भरपूर. उरलेल्या वेळेत ज्यांच्या अंगात मस्ती असेल त्यांनी मुक्कामी सायकली पुसाव्यात.

हे सगळं मी पुढून पोचणाऱ्यांच्या बाजूने सांगितलं, कारण तेव्हा मी तिथे असायचे. दोन वर्षांपूर्वी माझा डावा गुडघा कुरकुरायला लागला. गेल्या दौऱ्यात पहिल्याच घाटात चौघं वळणाआड गेले आणि मी एकटी उरले. रस्त्यावर फक्त माझ्या चेनचा आवाज. आधी राग आला, मग लाज, आणि मग कधीतरी मी रस्त्याकडेचे दगड मोजायचे सोडून दरीकडे बघायला लागले. वर पोचले तेव्हा सगळे जाकिटं घालून बसले होते. कुणी उठलं नाही. कुणीतरी घड्याळात पाहिलं आणि म्हणालं, "वीस मिनिटं. बस."

पंप माझ्या पिशवीत होता.