दर शनिवारचं टिपण

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला 'सर्जनशील लेखन' हा दोन क्रेडिटचा विषय होता. नव्या शैक्षणिक धोरणात कौशल्याचे जे छोटे छोटे विषय आले, त्यातला हा एक. सत्राच्या शेवटी एक कथा किंवा ललित लेख द्यायचा, एवढंच आम्ही वरच्या वर्गातल्या मुलांकडून ऐकलं होतं. पहिल्या तासाला मॅडमनी सांगितलं की निम्मे गुण कथेचे आणि निम्मे दर शनिवारी द्यायच्या टिपणाचे. टिपण म्हणजे पानभर मजकूर. या आठवड्यात काय लिहिलं, काय खोडलं, काय ठेवलं आणि का.

वर्गात कुजबुज झाली. कथा लिहायची तर लिहू की, तिचा हिशेब कशाला द्यायचा, हा सूर बहुतेकांचा होता. यंदा हा विषय घेतलेल्या मुली मला हेच विचारतात, म्हणून सगळं नीट लिहून काढते आहे.

सुरुवातीची टिपणं सगळ्या वर्गाची एकसारखी होती. 'या आठवड्यात मला वर्णनाचं महत्त्व समजलं', 'माझी निरीक्षणशक्ती वाढली', 'वाचनाने विचार प्रगल्भ होतात हे जाणवलं'. शाळेत निबंधाचा शेवट असाच करायची सवय आपल्याला लागलेली असते. पाऊस असो, सहल असो, आजोबांवर लिहायचं असो, शेवटच्या परिच्छेदात काहीतरी शिकलेलं दाखवायचंच. मॅडमनी एकाही टिपणावर शेरा मारला नाही. असं वाक्य आलं की समासात पेन्सिलीने दोनच शब्द लिहायच्या: 'कुठल्या वाक्यात?' वर्णनाचं महत्त्व समजलं ना, मग ते तुझ्या कुठल्या वाक्यात दिसतं ते दाखव.

त्या प्रश्नाने माझं टिपण बदललं. पुढच्या शनिवारी मी शिकलेलं काहीच लिहिलं नाही. माझंच एक वाक्य आधी जसं होतं तसं उतरवलं, त्याच्याखाली बदललेलं वाक्य लिहिलं आणि उरलेल्या पानात दोन्हींत काय फरक पडला ते शोधत बसले. मी फोनवरच लिहिते, गुगल डॉक्समध्ये. तिथे जुन्या आवृत्त्या राहतात, त्यामुळे मंगळवारचं वाक्य शुक्रवारी परत काढून बघता येतं. नवीन मुलींना मी पहिली गोष्ट हीच सांगते: खोडलेलं फेकून देऊ नका. टिपण त्यातूनच निघतं.

खरी सुरुवात झाली ती आवाजाच्या स्वाध्यायापासून. एखादी जागा फक्त ऐकू येणाऱ्या गोष्टींमधून उभी करायची, डोळ्यांना दिसणारं काही आणायचं नाही. मी इचलकरंजीची. पप्पा साध्या यंत्रमागावर काम करतात, लहानपणी डबा द्यायला मी कितीदा कारखान्यात गेले आहे. म्हणून जागा लगेच ठरली. लिहायला बसले तर 'खटखट' या शब्दापुढे गाडी सरकेना. म्हणून रविवारी डबा घेऊन परत गेले आणि दारातल्या बाकड्यावर बसून राहिले.

बराच वेळ बसल्यावर तो एक आवाज सुटा सुटा व्हायला लागतो. धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन जाणारा लाकडी तुकडा, या टोकाहून त्या टोकाला आपटतो तो कोरडा ठोका. त्याच्या खाली पट्ट्याची घरघर. एखाद्या मागाची कांडी, म्हणजे धोट्यातली धाग्याची गुंडाळी, संपली की तो माग थांबतो, पण बाकीचे चालूच असल्यामुळे थांबलेला कानाला कळत नाही, माणूस तिकडे वळला की कळतं. आणि माणसं एकमेकांशी बोलतात ती जवळजवळ सगळी हाताने. चहा सांगायचा असेल तर अंगठा ओठाशी. मालक आला असेल तर त्याची वेगळी खूण. फक्त ऐकू येणारं लिहायचं होतं आणि तिथे सगळ्यात महत्त्वाचं बोलणं तर बिनआवाजाचं चाललं होतं. त्या शनिवारी टिपणात मी तेच लिहिलं, की स्वाध्यायाचा नियम मोडल्याशिवाय ही जागा मला उभी करता येत नाही. मॅडमनी खाली लिहिलं, 'मग कथा इथूनच सुरू कर.'

कथा जमत गेली ती एका रात्रीची. आमच्याकडे रात्री लाईट गेली की गल्लीतली माणसं जागी होतात. माग चालू असताना पोरंसोरं गाढ झोपतात, शांत झालं की उठून बसतात. बाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, 'लाईट गेली आणि सगळीकडे भयाण शांतता पसरली.' आठवडाभर ते वाक्य तसंच राहिलं. टिपण लिहायला बसले आणि समासातला प्रश्न स्वतःलाच विचारला. शांतता कुणाला दिसली? कुठे दिसली? मग मला पप्पांचा आवाज आठवला. आयुष्यभर मागांच्या वरताण बोलल्यामुळे ते घरीही मोठ्यानेच बोलतात. लाईट जाते तेव्हा ते काहीतरी सांगत असले, तर पहिले दोन-तीन शब्द त्याच आवाजात निघतात, सगळ्या गल्लीला ऐकू जातात आणि मग ते एकदम आवाज खाली आणतात. मी लिहिलं: '"चहा टाक गं," तो ओरडला. मग हळू म्हणाला, "टाक थोडा."' शांतता हा शब्दच काढून टाकला. दोन्ही वाक्यं टिपणात एकाखाली एक मांडली आणि मला स्वतःला इतका आनंद झाला की ते पान मी एसटीत मैत्रिणीला वाचून दाखवलं.

याच सुमारास मी शहराची माहिती गोळा करत होते. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी आणला, आजूबाजूच्या गावांतून माणसं येत गेली, मजुरी कापडाच्या पिकावर ठरते, म्हणजे इंचात आडवे धागे किती बसलेत त्यावर. हे सगळं मला कथेत हवं होतं. आपल्या गावाबद्दल कुणीतरी लिहावं असं वाटत असतं आणि लिहायची संधी मिळाली की सगळंच सांगावंसं वाटतं. टिपणात मी या प्रत्येक माहितीपुढे लिहिलं की कथेतल्या कुणाला त्या रात्री हे आठवेल का. 1904 कुणालाच आठवणार नव्हतं. पिकाचा हिशेब मात्र आठवणार होता, कारण लाईट गेली म्हणजे तेवढं कापड कमी आणि मजुरीही तेवढी कमी. तो राहिला, एका ओळीत, आईच्या तोंडी. बाकीचं मी वेगळ्या फाईलमध्ये ठेवलं आहे. त्याचा लेख होईल.

भाषेचा प्रश्न सगळ्यात जास्त दिवस चालला. कोल्हापूरकडच्या बायका 'मी येतो', 'मी जातो' असं बोलतात. माझी आई तशीच बोलते, आजी तशीच बोलायची. कथेत आईचं वाक्य होतं, 'मी बघून येतो, तू झोप.' वर्गात वाचल्यावर नाशिककडच्या मैत्रिणीला वाटलं हे वडील बोलताहेत. तिचा गोंधळ खरा होता, वाचणाऱ्या बऱ्याच जणांचा होणार. 'येते' केलं तर वाचायला सोपं, पण मग ती माझ्या घरातली बाई राहत नव्हती. मॅडमनी दोन वाटा दाखवल्या. एक, निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत. ग्रामीण कथेत ही वाट चांगली रुळलेली आहे. दुसरी आनंद यादवांची. कागलच्या या लेखकाने 1971 च्या 'गोतावळा'त सगळी कादंबरीच बोलीत सांगितली. मी दोन्ही करून बघितलं. अख्खी कथा बोलीत लिहिली तेव्हा ती माझ्या हाताला सहज आली, पण तेव्हा कथा सांगणारी कॉलेजात जाणारी मुलगी होती आणि ती तशी लिहीत नाही. शेवटी निवेदन प्रमाणभाषेत ठेवलं आणि आईचं 'येतो' तसंच राहू दिलं. फक्त त्याच्या आधी एक वाक्य घातलं, आई पदर खोचून उठली, म्हणजे बोलतंय कोण ते कळावं. पट्टणकोडोलीचे कथाकार शंकर पाटील आमच्या भागातलेच. त्यांच्या कथा मी त्या आठवड्यात फक्त संवादांसाठी परत वाचल्या. बोली त्यांच्याकडे नटवलेली वाटत नाही, कारण माणसं काहीतरी काम करता करता बोलत असतात. हे मी आधीही वाचलं होतं, पण हातात स्वतःचं अडलेलं वाक्य असताना वाचलं की दिसायचं ते वेगळंच दिसतं.

गटवाचनाचा नियम कडक होता. ज्याची कथा आहे त्याने गप्प बसायचं, बाकीचे बोलून होईपर्यंत एक शब्द नाही. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात 1936 पासून लेखनाची कार्यशाळा चालते, तिथल्या पद्धतीवरून हा नियम घेतल्याचं मॅडम म्हणाल्या. गप्प बसणं अवघड जातं. पण छापलेल्या पानाबरोबर लेखक वाचकाच्या घरी जाऊन खुलासा करत नाही, हे त्या वीस-पंचवीस मिनिटांत जितकं पटतं तितकं कुठल्याही व्याख्यानात पटणार नाही. माझ्या टिपणात त्या दिवशी मित्रमैत्रिणी काय म्हणाले याची यादी नव्हती. मला खुलासा करावासा कुठे वाटला, तेवढ्या जागा मी लिहिल्या. जिथे जीभ वळवळली तिथे कथेत काहीतरी कमी होतं. वाचकांनी सुचवलेले उपाय मी फारसे घेतले नाहीत, पण त्यांनी बोट ठेवलेल्या जागा जवळजवळ सगळ्या बरोबर होत्या.

मधे गणपती आले, अंतर्गत परीक्षा आल्या आणि एका आठवड्यात माझी एकही ओळ झाली नाही. मॅडमचं म्हणणं होतं की न लिहिलेल्या आठवड्याचंही टिपण द्यायचं. ते लिहिताना कळलं की वेळ नव्हता हे अर्धंच खरं आहे. अडलं होतं ते निवेदकापाशी. कथा मुलगी सांगत होती आणि त्या रात्री मुलगी फक्त अंथरुणात पडून ऐकत होती. उठणारी, दार उघडणारी, कारखान्यापर्यंत जाऊन येणारी आई होती. मग आईच्याच बाजूने कथा का सांगायची नाही? पण आईच्या मनात शिरायचं म्हणजे मला माहीत नसलेलं लिहायचं. मी दोन्ही बाजू टिपणात मांडल्या आणि ठरवलं की मुलगीच सांगेल, पण आई दाराबाहेर गेल्यावर तिथे काय झालं हे कथेत येणार नाही. परत येईपर्यंतचा वेळ येईल. एकही ओळ न लिहिलेल्या त्या आठवड्यानेच मला कथेची घडण दिली. टिपण सक्तीचं नसतं तर तो आठवडा नुसता वाया गेला म्हणून मी सोडून दिला असता.

कामाचे तपशील मी पप्पांना विचारले. उभा धागा तुटल्याचा आवाज येतो का, हा माझा प्रश्न. ते म्हणाले, "आवाज कुठला यायला? बघायला लागतंय. नजर सारखी कापडावर पाहिजे." मग माग थांबवायचा, तुटलेली टोकं गाठायची, धागा वहीच्या (उभे धागे वर-खाली करणाऱ्या चौकटीच्या) डोळ्यातून आणि फणीच्या फटीतून ओवून घ्यायचा, मग परत चालू. हे त्यांनी जेवणाच्या ताटाशेजारी बसून हवेत बोटं हलवत दाखवलं. बोटं इतकी भराभर चालली की मला परत दाखवायला सांगावं लागलं. त्या बोटांचा परिच्छेद कथेत आहे आणि मला तो सगळ्यात आवडतो.

कथा पुरी झाल्यावर त्यांना वाचून दाखवली. घरातलं बाहेर जाणार होतं, त्यांना विचारल्याशिवाय द्यायची नाही हे मी आधीच ठरवलं होतं. चहाचं वाक्य आलं तेव्हा आई हसली. पप्पा म्हणाले, "एवढ्यानं बोलतोय काय मी?" आई म्हणाली, "मग!" नाव बदल, बाकी राहू दे, असं ते म्हणाले. नाव बदललं.

शेवटी कथा आणि सगळी टिपणं एका फाईलमध्ये द्यायची होती, त्यावर तोंडी परीक्षा होती. बाहेरून आलेल्या सरांनी कथेवर एकच प्रश्न विचारला आणि टिपणांवर बराच वेळ बोलले. आई बाहेर गेल्यावर काय झालं ते का लिहिलं नाही, हे त्यांना माझ्याकडून ऐकायचं होतं. उत्तर तयार करून जावं लागलं नाही. ते महिनाभरापूर्वीच एका शनिवारी लिहून झालं होतं.

ज्यांना यंदा टिपणं लिहायची आहेत त्यांना दोन-तीन गोष्टी सांगते. शनिवारी सकाळी आठवून लिहू नका. ज्या दिवशी वाक्य बदललं त्याच रात्री दोन ओळी लिहून ठेवा, कारण ते का बदललं हे विसरतं आणि मग आपण नंतर सुचलेलं शहाणपण लिहितो. छान झालेल्या वाक्यावरही लिहा, ते का छान झालं हे कळणं जास्त कठीण असतं. आणि मॅडमना काय वाचायला आवडेल याचा विचार केला की टिपण लगेच निबंधाकडे वळतं, हे लक्षात ठेवा.

विषय संपला तरी मी शनिवारचं पान चालू ठेवलं आहे. आता कांडीच्या मशीनवर बसणाऱ्या बायकांवर लिहायचं मनात आहे. आमच्या गल्लीतल्या दोन मावश्या बोलायला तयार आहेत, पण कामाच्या वेळी नको, सुट्टीच्या दिवशी ये म्हणाल्या आहेत. या आठवड्याच्या टिपणात फक्त त्यांना काय विचारायचं त्याची यादी आहे, आणि पहिलाच प्रश्न मी दोनदा खोडला आहे.