आईची खोली, कुलर आणि आवाज

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारी अडीचच्या सुमारास मागच्या खोलीतल्या कुलरमध्ये पाणी टाकायला गेले, तर जळका वास. टुल्लू पंप जाम होऊन त्याची वायर तापली होती आणि खाली रचलेल्या गाद्यांपैकी एक धुमसत होती. पलीकडे आई गाढ झोपलेली. मेन स्विच पाडला, आईला उठवलं, गादी अंगणात ओढली. धुराचं यंत्र हॉलच्या छताला होतं, पण ते वाजलंच नाही. कुलरच्या वाऱ्यानं सगळा धूर अंगणाच्या उघड्या दारातून बाहेर जात होता. धूर यंत्रापर्यंत पोचल्याशिवाय ते वाजणार तरी कसं?

तेव्हापासून ध्वनिलहरींनी आग ओळखण्याचा विषय डोक्यातून जात नाही.

मी ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, आपल्या नागपुरी ४५ अंशांना साधारण ३५७. खोलीत स्पीकरवरून ठरावीक सूर सोडले की ते भिंती, कपाट, पलंगावर आपटून एकमेकांत मिसळतात. मायक्रोफोनला काही सूर मोठे ऐकू येतात, काही दबलेले. हा त्या खोलीचा ठसाच. हवा एका अंशानं तापली, तर ४००० हर्ट्झजवळचं शिखर, म्हणजे मोठा ऐकू येणारा सूर, सुमारे ७ हर्ट्झ वर सरकतं. आवाज कपाटामागेही वळून जातो, त्यामुळे कोपऱ्यातली धगसुद्धा ठशात उमटते. दक्षिण कोरियातल्या ईटीआरआय या इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार संशोधन संस्थेच्या संशोधकांनी याच तत्त्वावर आग ओळखण्याचे प्रयोग केले आहेत. माणूस खोलीत फिरला तर ठसा वेडावाकडा बदलतो, आगीनं मात्र तो एका दिशेनं सरकतो. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

स्वयंपाकघर बंद करून मी करून पाहिलं. एका कोपऱ्यात स्पीकर, दुसऱ्यात सुरांचा आलेख काढणारा मोबाइल, गॅसचे दोन्ही बर्नर सुरू, आणि मी दाराबाहेर. तीन-चार मिनिटांत आलेखातली शिखरं उजवीकडे, म्हणजे वरच्या सुरांकडे, सरकली. आईला हाक मारून दाखवलं.

मग आईच्या खोलीत कुलर लावून तेच केलं, आणि सगळा आलेख थरथरायला लागला. वाऱ्यानं ध्वनीची वाट सतत हलते, शिवाय पंख्याची घरघर. ज्या दुपारी या यंत्राची खरी गरज, त्याच दुपारी आपल्याकडे घरोघरी कुलर चालू असतात. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून आपल्या शहरात आहे. वाळ्याच्या ताट्या लावलेल्या, भर उन्हाळ्यातल्या अशा खोलीत तिथल्या मुलांनी ही पद्धत तपासावी, असं मला मनापासून वाटतं.

धुराचं यंत्र आता आईच्या पलंगाच्या वर, छताला आहे. गाद्या माळ्यावर गेल्या. येत्या रविवारी कुलर सर्वांत कमी वेगावर ठेवून, सूर लांबवून, पाच मिनिटांची सरासरी घेऊन पाहणार आहे.