काटा हलत नाही, मीटर बदलू का?

माझ्याकडे जुना पिकअप आहे हे कळलं की हमखास विचारणा होते, "स्पीडचा काटा बंद पडलाय, नवीन मीटर टाकू का?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: थांबा. मीटरवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा.

तुमचा मीटर केबलवर चालणारा असेल तर आधी किलोमीटरचे आकडे सरकताहेत का ते बघा. आकडे आणि काटा, दोघांनाही फिरवते तीच केबल. दोन्ही ठप्प असतील तर बहुधा केबल तुटलीय, नाहीतर गिअरबॉक्सकडच्या चिमुकल्या गिअरचे दात झिजलेत. आकडे पळताहेत आणि काटा मेलाय, तरच मीटर उघडा. गंमत अशी की काटा आतून थेट कशालाच जोडलेला नसतो. फिरतं चुंबक ॲल्युमिनियमच्या वाटीला न शिवताच ओढत असतं आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचत असते. म्हणून केबल कोरडी पडली किंवा कुठे मुरडली, की चुंबक अडखळत फिरतं आणि काटा थरथरतो. केबल पुसून, हलकं ग्रीस लावून, वळणं मोठी ठेवून बसवा. मीटरकडच्या टोकाला मात्र ग्रीस नको, ते आत चढतं.

माझ्या गाडीत केबल नाही, वेग मोजणारा सेन्सर आहे. दिवसा सगळं ठीक. हेडलाइट लावले की स्पीडचा काटा शून्यावर आणि इंधनाचा काटा भलतीकडेच. मी शहाणा, सेन्सर बदलला. काही फरक नाही. खरं तर दोन काटे एकदम बिघडतात तेव्हा दोघांना सामाईक असलेलं काहीतरी धरायला हवं, आणि ते बहुतेक वेळा अर्थिंग असतं, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी, गाडीच्या पत्र्याला बोल्टने कसलेली तार. तेही तपासलं होतं, पण दिवे बंद ठेवून. मल्टिमीटर (व्होल्ट आणि तारांची जोडणी तपासायचं यंत्र) 'बीप' वाजला, म्हणजे जोडणी शाबूत, असं समजून मी अर्थिंगला निर्दोष सोडलं. तो 'बीप' फसवा असतो: मल्टिमीटर तारेतून नावापुरताच करंट सोडतो, त्याला एक शाबूत धागाही पुरतो. दिव्यांचा भार आला की तोच धागा हात टेकतो.

म्हणून तपासणी दिवे लावूनच करायची. मल्टिमीटर व्होल्टवर, एक टोक डॅशबोर्डच्या अर्थिंगला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. 0.1–0.2 व्होल्टपर्यंत ठीक. माझ्याकडे एकाहून जास्त निघाले. अर्थिंगचा बोल्ट सोडवला तर खाली रंगाचा थर आणि त्यावर गंज; आधीच्या मालकाने रंग मारूनच बोल्ट कसला होता. बॅटरी सोडवली, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट कसला. दोन्ही काटे ताळ्यावर आले. नवा सेन्सर काढून जुनाच बसवला. नवा टूलबॉक्समध्ये पडून आहे.

काटा हलू लागला की फोनच्या जीपीएसशी एकदा ताडून बघा. टायर मूळ मापापेक्षा मोठे असतील तर मीटर कमी दाखवतो: घेर 10 टक्क्यांनी मोठा असेल, तर काट्यावर 90 दिसताना गाडी 99 ने पळत असते. तिथे वायरिंग खणत बसू नका.